प्रेशर पाइप अंगातून पाझरतो? या चुका टाळा

काँक्रीटचा प्रेशर पाइप, म्हणजे दाबाचं पाणी नेणारा पाइप, गळाला की सगळे आधी जोडातल्या रबर रिंगकडे बघतात. जालन्याकडच्या पाइप बनवायच्या यार्डात सुरुवातीला मीही तेच करायचो. पण पाणी जोडापासून हातभर लांब दिसत असेल, तर दोष रिंगचा नाही, पाइप बनवतानाचा आहे.

पहिली चूक पिंजऱ्यात, म्हणजे पाइपाच्या आतल्या सळईच्या जाळीत होते. आतलं पाणी पाइपाला फाडायला बघतं. तो ताण काँक्रीट पेलत नाही, गोल वेढ्यांची सळई पेलते. दोन वेढे एकमेकांना चिकटले की शेजारी मोकळी जागा राहते आणि पाइप तिथेच उकलतो. पिंजरा साच्यात घालण्याआधी दोन्ही हातांनी हलवून बघा. खुळखुळला तर वेल्डिंग पुन्हा करा. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून लांब ठेवणारे ठोकळे, त्यातही काटकसर नको, सळई कडेला आली की गंज ठरलेला.

माल भरताना साचा हळू फिरवायचा, मग वेग वाढवायचा. काँक्रीट भिंतीला दाबून बसतं, जादा पाणी आणि पातळ लगदा आत येतो. तो काढून टाकायचाच असतो. आपल्याकडे क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, भुकटी जास्त असली की कामगार पाणी वाढवतात, लगदाही वाढतो आणि वरून कोरडं सिमेंट मारून तो झाकला जातो. असा एक पाइप मी वाळल्यावर नखाने खरवडला, तर पापुद्राच हातात आला.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र पाणी मारण्यात होतं. टँकरचं पाणी महाग, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाइप नुसता भिजवतात. मे महिन्याच्या उन्हात तो तासाभरात पांढरा पडतो आणि केसासारख्या भेगा धरतो. ओलं बारदान गुंडाळा, दोन्ही तोंडं झाका, पाइप सावलीत ठेवा. पाणी कमी लागतं आणि ओल टिकते. बोअरचं खारं पाणी अजिबात नको.

आयएस 458 या काँक्रीट पाइपांच्या भारतीय मानकाप्रमाणे पी-1, पी-2, पी-3 या प्रेशर वर्गांचे पाइप अनुक्रमे चौरस सेंटिमीटरला 2, 4 आणि 6 किलो दाबाला तपासतात. हा चाचणीचा दाब आहे, लाइनवर रोज द्यायचा नाही. पंपाच्या लाइनला पी-1 घालूच नका. चाचणीआधी पाइप पाण्याने भरून मुरू द्या, हवा पूर्ण काढा. बाहेर नुसती ओल किंवा घामासारखे थेंब आले तर घाबरू नका, ओघळ लागला तर पाइप बाजूला काढा.

ओघळाच्या जागी खडूने खूण करून साच्याचा नंबर लिहा. एकाच साच्याचे पाइप त्याच रेषेत गळत असतील, तर साच्याच्या जोडातून सिमेंटचं पाणी निसटतंय. ती फट आधी बुजवा.