सरकारी इंजिनीअरिंगला नंबर लागेल का? कटऑफची यादी अशी वाचा

सीईटीचा निकाल लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "ताई, ९६.४ पडलेत, पुण्याचं सीओईपी मिळेल का?" एवढ्यावर ब्रह्मदेवालाही उत्तर देता येणार नाही. शाखा कोणती, प्रवर्ग कोणता, बारावी कुठून केली, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. तरी नात्यातला कुणीतरी छातीठोकपणे "आरामात मिळेल" सांगतो आणि मुलगा पंधरा दिवस हवेत राहतो. घरातली दोन आणि भावंडांची, शेजाऱ्यांची मिळून आठ-दहा पोरं या कॅपमधून, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी (राउंड) होणाऱ्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, काढल्यावर मला आता या 'आरामात'ची चीड येते.

निकाल हातात आहे आणि दाखले तयार आहेत असं धरून चालते. दाखल्यांबद्दल एकच सांगते. जात पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेयर वेळेत दाखवता येणार असेल तरच प्रवर्गाचा कटऑफ आपला. नाहीतर ओपनच्या रकान्यात बघायची सवय आजपासूनच करा.

सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून मागच्या तीन वर्षांच्या कटऑफच्या पीडीएफ उतरवून घ्या, प्रत्येक राउंडची वेगळी. व्हॉट्सअॅपवर फिरणारे स्क्रीनशॉट आणि 'कॉलेज प्रेडिक्टर' बाजूला ठेवा. तो प्रेडिक्टर याच पीडीएफ वाचतो, फक्त कुठला राउंड आणि कुठला रकाना धरला ते सांगत नाही.

आता खरी मेख. प्रत्येक शाखेखाली जी ओपन एस, एल ओबीसी एच, जी एससी ओ अशा रकान्यांची रांग असते. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींच्या ३० टक्के राखीव जागा. मधला भाग प्रवर्गाचा. सगळा घोळ शेवटच्या अक्षरात आहे. एस म्हणजे जागा राज्यभरासाठी खुली, एच म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी, ओ म्हणजे हद्दीबाहेरच्यांसाठी. जिथे एच-ओ चालतं तिथे वाटणी ७०-३० असते, म्हणून एचचा कटऑफ बऱ्याचदा सैल दिसतो आणि ओचा कडक. स्वायत्त सरकारी कॉलेजांत बहुतेक ठिकाणी एस दिसेल, पण विद्यापीठांचे स्वतःचे विभाग आणि संलग्न कॉलेजं बघताना हे अक्षर आधी शोधा.

मी इथेच आपटले. आम्ही साताऱ्याचे, म्हणजे हद्द शिवाजी विद्यापीठाची. थोरलीसाठी कोल्हापूर भागातल्या एका कॉलेजचा एचचा रकाना बघून मी निश्चिंत झाले, पेढ्यांपर्यंत बोलणं गेलं. पण हद्द ठरते ती बारावी कुठून पास झाली त्यावरून. तिने अकरावी-बारावी लातूरला केलेली. म्हणजे तिचं होम युनिव्हर्सिटी नांदेडचं आणि कोल्हापुरात ती ओ. शिधापत्रिका, आधार, वडिलोपार्जित घर, काहीही उपयोगी पडत नाही. लातूर, पुणे किंवा आणखी कुठे क्लाससाठी पोरं पाठवलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा.

दुसरा सापळा आकड्यांचा. प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात: वरचा मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. लोक कंसातल्या आकड्याला चिकटतात. माझं ठाम मत, मेरिट नंबर धरा. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे शंभरात किती, एवढंच. समजा एका वर्षी पीसीएमला (भौतिक, रसायन, गणिताचा गट) ३ लाख मुलं बसली, तर ९९ पर्सेंटाइलच्या पुढे साधारण ३ हजार. पुढच्या वर्षी ४ लाख बसली तर त्याच ९९ च्या पुढे ४ हजार. सरकारी कॉलेजच्या वर्गातली बाकं तेवढीच राहतात, त्यामुळे मागच्या वर्षी ९९ ला मिळालेली जागा यंदा ९९ ला मिळेलच असं नाही. शिवाय सीईटी देणारा प्रत्येक जण कॅपमध्ये उतरत नाही. म्हणून मेरिट लिस्ट लागेपर्यंत कुणालाच काही सांगू नका. लिस्ट लागली की आपला राज्य मेरिट नंबर घ्यायचा आणि तोच यादीतल्या नंबराशी लावून बघायचा. राखीव रकान्यातही छापलेला असतो तो राज्याचाच नंबर, प्रवर्गातला नव्हे. ओबीसीत माझा चारशेवा म्हणून चारशे शोधत बसलेला एक भाचा मी पाहिलाय.

टीएफडब्ल्यूएसचा रकाना बघून घाबरू नका. त्या शिकवणी शुल्क माफीच्या जादा जागा आहेत, मंजूर जागांच्या ५ टक्के. संख्या थोडी आणि पैसे वाचणार, म्हणून तिथला कटऑफ बहुधा ओपनपेक्षाही चढा असतो.

राउंडचं बघताना एकाच राउंडची तिन्ही वर्षं समोरासमोर ठेवा. पहिल्या राउंडच्या यादीत आयआयटी-एनआयटीला जाणारी मुलंही बसलेली असतात, ती निघाली की कटऑफ सैल होतो. शेवटच्या राउंडला मात्र एखाद्या चौकटीत भलताच मोठा मेरिट नंबर दिसतो. राखीव जागा रिकामी राहून दुसऱ्याकडे वळली की असं होतं. ती एखादीच जागा असते, तिच्यावर घर बांधू नका. तिन्ही वर्षांच्या शेवटच्या नंबरांच्या आत तुमचा नंबर बसत असेल तर जागा पक्की समजा, एका वर्षी बसत असेल तर आशेवर ठेवा. तिन्हींच्या दुप्पट बाहेर असेल तर फॉर्ममध्ये टाका, पण नातेवाइकांना सांगू नका.

ऑप्शन फॉर्म भरणं सोपं: जे सर्वांत जास्त हवं ते वर. कटऑफच्या क्रमाने भरू नका. २०२५ च्या प्रवेशांपासून चार राउंड आहेत. पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्याला पहिल्या तीनांतला किंवा तिसऱ्याला पहिल्या सहांतला, तर जागा आपोआप फ्रीज होते आणि पुढच्या राउंडचं दार बंद. 'राहू दे, बघू' म्हणून नावडतं कॉलेज वरच्या सहांत टाकलं तर तेच गळ्यात पडेल. यंदाचे नियम माहितीपुस्तिकेत तपासा, ते दरवर्षी थोडे बदलतात. फॉर्म भरण्याच्या शेवटच्या रात्री साइट रांगत असते, म्हणून एक दिवस आधी कन्फर्म करून प्रिंट काढून ठेवा.