पोकलेनचा ईसीएम बदलण्याआधी साठ ओहम मोजा

की ऑन केली की मॉनिटरवर 'कम्युनिकेशन एरर' येतो. कधी इंजिन चालू होतं पण आरपीएम चढत नाही, कधी पंप मेल्यासारखा चालतो, कधी सेल्फच लागत नाही. सेकंडहँड पोकलेनच्या बाबतीत अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो: "ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला, बदलून टाका." खिसा तिथेच रिकामा होतो, आणि दोष बहुधा वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग) नाहीतर अर्थमध्येच निघतो.

इंजिनचा ईसीएम, पंपाचा कंट्रोलर आणि मॉनिटर एकमेकांशी दोन वायरींवर बोलतात: कॅन-हाय आणि कॅन-लो. या जोडीलाच कॅन लाइन म्हणतात. दोन्ही एकमेकींना पीळ देऊन ओढलेल्या असतात आणि लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. जे१९३९ या अवजड वाहनांच्या कॅन पद्धतीत हाय पिवळी आणि लो हिरवी असते, पण कंपन्या रंग बदलतात. त्यामुळे त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका. काही मशीनमध्ये अशा दोन-तीन वेगळ्या लाइनी असतात, आणि फार जुन्या मॉडेलमध्ये कॅन नसतोच.

पहिली तपासणी बॅटरीची. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये असतात. मशीन बंद असताना एकूण २५ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना २७.५ ते २८.५ मिळायला हवेत. सेल्फ मारताना व्होल्टेज १८ च्या खाली गेलं तर कंट्रोलर मध्येच बंद-चालू होतात आणि खोटे कम्युनिकेशन कोड टाकतात. टेप किंवा मोबाइल चार्जरसाठी कुणी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले असतील तर ते आधी तोडा. त्याने एक बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी उकळते.

अर्थ तपासताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरं ईसीएमच्या अर्थ पिनवर, आणि सेल्फ मारायला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट काढून रंग आणि गंज खरवडा. मीटरवर २४ व्होल्ट दिसले म्हणजे सप्लाय चांगला, असं धरू नका. आतून कुजून दोन-तीन तारांवर उरलेली वायरही मीटरला पूर्ण २४ दाखवते. ईसीएमचा कपलर काढून हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) सप्लाय आणि अर्थ पिनांमध्ये २४ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. तो जवळपास एक अँपिअर ओढतो. वायर कुजलेली असेल तर बल्ब मिणमिणतो आणि मीटर खाली येतो. हा बल्ब कॅनच्या वायरींना मात्र चुकूनही लावू नका.

मग दोषाचे कोड वाचा. कोडमध्ये एसपीएन म्हणजे दोष कशात आहे आणि एफएमआय म्हणजे दोष कसला आहे. सगळे लिहून घ्या, पुसा, मशीन फिरवा आणि कोणते परत येतात ते बघा. एसपीएन ६३९ हा जे१९३९ लाइनचाच कोड आहे. एफएमआय ९ म्हणजे माहिती वेळेवर येत नाही, १९ म्हणजे आलेली माहिती चुकीची. सगळे कंट्रोलर एकाच कंट्रोलरच्या नावाने ओरडत असतील तर त्याचा सप्लाय, अर्थ आणि त्याच्याकडे जाणारा फाटा बघा. सगळेच सगळ्यांच्या नावाने ओरडत असतील तर मुख्य लाइन किंवा बॅटरी बघा.

आता साठ ओहम. कट-ऑफ (बॅटरीचा मुख्य स्विच) बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि पाच मिनिटं थांबा. नऊ पिनांचा डायग्नोस्टिक कपलर असेल तर त्यात ए निगेटिव्ह, बी पॉझिटिव्ह, सी कॅन-हाय, डी कॅन-लो असते. सी आणि डीमध्ये ओहम मोजा.

६० च्या आसपास: दोन्ही रेझिस्टर जागेवर, लाइन सलग.
१२०: एक रेझिस्टर नाही किंवा मधे वायर तुटली.
४०: कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवलाय.
शून्याजवळ: हाय-लो एकमेकींना चिकटल्यात.

शॉर्ट असेल तर मीटर लावून ठेवा आणि एकेक कंट्रोलरचा कपलर काढत जा. ज्याच्या वेळी आकडा उठतो, दोष त्यात किंवा त्याच्या फाट्यात आहे. काही कंट्रोलरच्या पोटातच रेझिस्टर असतो. तो काढल्यावर ६० चे १२० होणं स्वाभाविक आहे, त्याला दोष समजू नका.

साठ आले तरी काम संपत नाही. बॅटरी जोडा, की ऑन करा आणि दोन्ही वायरी अर्थशी मोजा. हाय साधारण २.६ ते २.८, लो २.२ ते २.४ व्होल्ट. दोन्ही बरोबर २.५ वर स्थिर असतील तर लाइनवर कुणी बोलतच नाही. एखादी शून्यावर असेल तर ती बॉडीला लागलीय, २४ च्या दिशेने चढलेली असेल तर लाइव्ह वायरला.

तुटकं कुठे शोधायचं? सोलापूर भागात सगळ्यात आधी उंदीर. ज्वारीच्या कडब्याच्या गंजीशेजारी मशीन महिनाभर उभं राहिलं की केबिनच्या मॅटखाली आणि काउंटरवेटजवळ हार्नेस कुरतडलेला सापडतो. त्यानंतर सायलेन्सर आणि टर्बोजवळची वायर. एप्रिल-मेच्या उन्हात, त्यात इंजिन तापलेलं, कडक झालेलं इन्सुलेशन तडकतं. सकाळी ठीक आणि दुपारी कोड, असा दोष असेल तर मशीन गरम असतानाच तपासा आणि हार्नेस वीतभर-वीतभर हलवत मीटरकडे बघा. क्रशरवरच्या मशीनमध्ये क्लॅम्पखाली वायर घासते. कोकणातून आलेल्या मशीनच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात.

आणि जीपीएस. आधीच्या मालकाने तो कॅनच्या वायरी सोलून जोडलेला असतो, नंतर काढलेला असतो, आणि मागे चिकटपट्टीत गुंडाळलेला सांधा राहतो. पिवळ्या-हिरव्या वायरीवर काळी टेप दिसली की ती उघडाच.

मीटरची जाड सुई कपलरच्या मादी पिनेत खुपसू नका. पिन फाकते आणि नवा दोष तयार होतो. पिन ढिली आहे का हे बघायला त्याच मापाची सुटी नर पिन घालून ओढा. तिने पकडलं पाहिजे. कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरनेच धुवा, पेट्रोलने नाही.

सांधा क्रिम्प करून आतून गोंद असलेल्या हीट श्रिंकने बंद करा. दोन वायरींचे सांधे समोरासमोर न ठेवता पुढेमागे ठेवा, आणि पीळ परत द्या, दर इंचाला एक याप्रमाणे. साधी सुटी वायर टाकून 'चालतंय की' म्हणू नका. अल्टरनेटर आणि सोलेनॉइडचा त्रास तिच्यावर लगेच उमटतो.

मशीन घ्यायला जाताना मालकाला सांगून ठेवा, आधी चालू करून ठेवू नका, थंडच असू दे. मॉनिटरचे तास आणि ईसीएममधले तास स्कॅनरवर जुळवून बघा. फरक असेल तर दोन्हींपैकी काहीतरी बदललंय. बकेटचं वेल्डिंग कसं झालं तेही विचारा. बॅटरी न काढता आणि अर्थ लांब लावून वेल्डिंग केलेल्या मशीनमध्ये वर सांगितलेलं सगळं बरोबर येऊनही कम्युनिकेशन बसत नसेल, तेव्हाच ईसीएमवर संशय घ्या. दुसरा ईसीएम आणताना पार्ट नंबरबरोबर सॉफ्टवेअरही जुळतं का हे पैसे देण्याआधी विचारा.