तळ्यातल्या गोगलगायी मारताय? मग या चुका टाळा

माशाचा कल्ला उचलून बघितला आणि आत दोन-चार मिलिमीटरची पिवळी गाठ दिसली की लोक लगेच माशांवर औषध शोधायला लागतात, पहिली चूक इथेच होते. त्या गाठीत अळी गुंडाळून बसलेली असते आणि पाण्यात टाकलेलं औषध तिथपर्यंत पोचत नाही. ही अळी येते गोगलगायीतून. बगळे, पाणकावळे यांच्या तोंडातून किंवा विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेली अळी गोगलगायीत शिरते, आत भरमसाठ वाढते आणि मग एकेका गोगलगायीतून दिवसाला शेकडो, कधी हजारो शेपटीवाल्या अळ्या बाहेर पडून मासे शोधतात. एक-दोन दिवसात मासा नाही मिळाला तर त्या मरतात. बगळे किती हाकलणार, म्हणून घाव गोगलगायीवरच घालायचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मोरचूद अंदाजाने टाकणं. प्लीज असं करू नका! मोरचूद माशालाही विषच आहे आणि पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल झेपवायची ताकद) जितकी कमी तितकं ते माशाला जास्त बाधतं, लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर मासे असलेल्या तळ्यात मोरचूद नकोच. आधी टेस्ट किटने मोजा, डोस जाणकाराकडून काढून घ्या आणि पूर्ण तळ्यात न टाकता काठाकाठाने द्या, कारण रात्री गोगलगायी काठालाच येतात. अजून एक, मोरचुदाने शेवाळ पण मरतं, ते सडायला लागलं की पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने उतरतो, त्यामुळे एरेटर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) तयार नसेल तर हात लावू नका. चुन्याचंही तेच, मासे असताना जास्त पडला तर पीएच चढतो आणि अमोनिया जहाल होतो.

तळं रिकामं केलं, ऊन दिलं, आता झालं असं वाटतं पण तसं नसतं. काही जातींच्या तोंडाला झाकण असतं, ते घट्ट लावून चिखलात आठवडेच्या आठवडे पडून राहतात आणि पाणी भरलं की परत चालू. म्हणून कळीचा चुना तळ ओला असतानाच, डबक्यांसकट सगळीकडे मारायचा, कोरड्या भेगाळलेल्या मातीवर टाकला तर काम करत नाही.

आणि गवत! काठाचं गवत, पाणवनस्पती तशाच ठेवून नुसतं विष मारत बसणं म्हणजे पैसा पाण्यात. एखादं पान उलटं करून बघा, खाली जेलीसारखा पारदर्शक चिकट पट्टा असतो, त्यात बारीक ठिपके दिसतात, ती अंडी. उपटलेलं गवत बांधावर ठेवू नका, लांब नेऊन टाका.

पाणी आत येतं तिथे बारीक जाळी हवीच. जाळं एका तळ्यातून काढून ओलंच दुसऱ्यात टाकलं तर गोगलगायी तुम्हीच पोचवताय, ते झटकून कडक उन्हात पूर्ण वाळवा. आणि पंधरा दिवसांतून एकदा रात्री टॉर्च घेऊन काठाने चक्कर मारा, ठराविक एक-दोन मीटरमध्ये किती दिसतात ते वहीत लिहा, आकडा वाढायला लागला की मासे बघायच्या आधीच कळतं.