जुन्या कार स्टिरिओला ऑक्स जोडताना
नवा स्टिरिओ घेण्याआधी जुन्याची मागची बाजू जरूर बघा. पुढे ऑक्स (फोन तारेने जोडायचं सॉकेट) नसला तरी मागे 'ऑक्स इन' लिहिलेली लाल-पांढरी आरसीए सॉकेट बऱ्याचदा असतात. ३.५ मिमी ते आरसीए केबल तिथे लावून दुसरं टोक ग्लोव्ह बॉक्समध्ये आणायचं. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. स्टिरिओला कोड (बॅटरी सोडवून परत जोडल्यावर तो सुरू करायला लागणारा आकडा) असेल तर तो हाताशी ठेवा. ऑक्सऐवजी एफएम ट्रान्समीटर, म्हणजे फोनचं गाणं रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर पाठवणारं छोटं यंत्र, ठाण्यात मला पटत नाही. मुंबईची इतकी स्टेशनं इथे येतात की मोकळी फ्रिक्वेन्सी मिळणं कठीण, आणि घोडबंदर रोडवर गाणं मध्येच खरखरतं. फोन चार्जिंगला लावल्यावर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर घाबरू नका, तो बहुधा ग्राउंड लूप असतो, म्हणजे चार्जर आणि स्टिरिओ वेगवेगळ्या मार्गांनी ग्राउंडला जोडले गेल्याने येणारा आवाज. ऑक्सच्या केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (हा आवाज अडवणारा छोटा डबा) लावा.