यूकेला शिकायला चाललाय? मेनिंजायटिसची लस विसरू नका

सप्टेंबरला यूकेत कॉलेज सुरू होतं ना, तर बॅगेत लोणचं-मेतकूट भरायच्या आधी मेन एसीडब्ल्यूवायची लस बघा. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला येणारी सूज, आणि ही लस तिच्या जंतूंच्या ए, सी, डब्ल्यू, वाय या प्रकारांवर असते. एकच डोस असतो, आणि निघायच्या निदान 2 आठवडे आधी घ्या कारण अंगात ताकद तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. इथे राहिलीच तर तिकडे पोचल्या पोचल्या जीपीकडे (तिकडचे फॅमिली डॉक्टर) नाव नोंदवा, 25 वर्षं पूर्ण व्हायच्या आत एनएचएसमध्ये (तिकडची सरकारी आरोग्यसेवा) फुकट मिळते, बाहेरच्या देशातल्या स्टुडंट्सनाही. पंचविशी उलटली असेल तर मात्र इथेच डॉक्टरांना विचारून घेऊन टाका. सर्टिफिकेटचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

आता महत्त्वाचं, ही लस बी प्रकारावर चालत नाही, त्यामुळे घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं, हातपाय गार पडणं, गोंधळल्यासारखं बोलणं असं दिसलं तर फ्रेशर्स पार्टीचा हँगओव्हर समजून झोपू नका, रूममेटला सांगा. पुरळ आलं तर त्यावर काचेचा ग्लास दाबून बघा, डाग फिका पडत नसेल तर लगेच 999 या तिकडच्या इमर्जन्सी नंबरला फोन. आपल्या सावळ्या रंगावर ते पटकन दिसत नाही म्हणून तळहात, तळपाय, पापणीच्या आत बघायचं. आणि फोन करायला पुरळाची वाट बघत बसू नका, कधीकधी ते येतच नाही.