आधी पाणी कुणाचं ते ठरवा : जलचर परग्रहवासीयांवर लिहू पाहणाऱ्या बडोदेकरांसाठी

नवख्या लेखकाच्या अंतराळगाथेत जलचर राजदूत बहुधा तिसऱ्या पानावर काचेच्या टाकीतून येतो, आठ हात हलवतो आणि शुद्ध मराठीत शांततेचा संदेश देतो. कथा तिथेच बसते. त्याचे हात किती नि डोळे कुठे, हे मागाहून ठरलं तरी चालतं. आधी त्याच्या खोलीतलं पाणी ठरवा: किती, किती गार, किती खारट आणि कुणाच्या खर्चाने.

हिशोब करून बघा. पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच अशी यानातली बेताची खोली म्हणजे ६० घनमीटर. त्यातल्या हवेचं वजन सत्तर-बहात्तर किलो, पाणी भरलं तर ६० टन. ते पाणी १० अंशांनी तापवायला सुमारे ७०० युनिट वीज लागते. प्राणवायूचं गणित याहून तंग. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, म्हणजे अख्ख्या खोलीत अर्धा किलोसुद्धा नाही. माणसाइतका प्राणवायू लागणारा जीव तो चौदा तासांत संपवेल, आणि गुदमरेल त्याच्या कितीतरी आधी. तेव्हा पाहुणा एक तर थंड, संथ प्रकृतीचा हवा, नाहीतर पाणी सतत फिरवणारा पंप हवा. पंप आला की तो चालवणारा आला, त्याचा पगार आला आणि पंप बंद पाडायची धमकीही आली. कथानक यातून निघतं, लेझरच्या तोफांतून नव्हे.

पंपाबाबत एक चूक फार दिसते. वजनरहित अवस्थेत बुडबुडे वर चढत नाहीत. मत्स्यालयात सोडतात तशी हवेची नळी पाण्यात सोडली, तर हवेचे गोळे पाहुण्याच्या कल्ल्यांभोवतीच रेंगाळतील. यान गरगर फिरतं ठेवून कृत्रिम गुरुत्व द्या, किंवा प्राणवायू बाहेरच मिसळून मग पाणी खोलीत सोडा. राजदूत अवाढव्य दाखवायचा असेल, तर सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, त्याच्या डोक्यापासून शेपटापर्यंत एकदा चालून या. तो पिल्लाचा आहे आणि तरी सुमारे ७० फुटी आहे. वरची ६० घनमीटरची खोली त्याच्या कामाची नाही.

दाबाचं लवकर आटपा. पृथ्वीवर पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण (समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढा) दाब वाढतो. गुरूच्या युरोपा या चंद्रावर गुरुत्व आपल्या १३ टक्क्यांच्या आसपास, म्हणून तेवढ्याच वाढीला तिथे पाऊणशे मीटर उतरावं लागतं. मात्र तिथला समुद्र बर्फाच्या कवचाखाली, आणि डोक्यावरचा तो बर्फ मोजायचं बरेच जण विसरतात. कवच २० किलोमीटर जाड धरलं, तर समुद्राच्या वरच्या थरातच २४० वातावरणांच्या आसपास दाब असेल. पाहुण्याच्या अंगात वायूच्या पिशव्या असतील तर आपल्या खोलीत येताना त्या फुटतील. त्याला पिशव्या देऊच नका.

आवाजावर मात्र वेळ घालवा. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेत ३४० च्या आसपास. त्यामुळे पाण्यात उतरलेल्या माणसाला आवाज कुठून आला ते कळत नाही. शिवाय पाण्याच्या पृष्ठभागावर ध्वनीची जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते, हवेत येते ती हजारातला एखादा भाग. टाकीतलं बोलणं बाहेर ऐकू यायला हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन, लागतो, आणि हायड्रोफोन कुणाच्या ताब्यात आहे हा राजकीय प्रश्न आहे. त्यातून पाण्यात ध्वनी दूरवर जातो, तेव्हा कुजबूज करणार कशी? गुप्त बोलणं स्पर्शाने किंवा प्रकाशाने करू द्या. रसायनांनी बोलणारी जात घेतली तर आणखी मजा: बोललेला शब्द पाण्यात तरंगत राहतो, मागे घेता येत नाही. मग ‘पाणी बदलून घेऊ’ ही माफीची भाषा होते, आणि पाणी बदलायला नकार देणं हा अपमान. आणि तहाची नक्कल म्हणजे मोहोरबंद कुपीतलं पाणी.

दुभाषा यंत्र ठेवू नका, व्यक्ती ठेवा. घरात मराठी, दुकानात गुजराती आणि कचेरीत तिसरीच भाषा बोलणाऱ्या दांडिया बाजारातल्या वाचकाला, दुभाषा कुठे गप्प बसेल हे समजावून सांगावं लागत नाही.

आता तंत्रज्ञान. पाण्याखाली आग नाही, म्हणजे धातू गाळायची भट्टी नाही. समुद्रतळावरचे उष्ण झरे १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ सापडले. असे काही झरे ४०० अंशांपर्यंत तापतात. त्यात शिसं वितळेल, लोखंड नाही. बर्फाखाली राहणाऱ्यांना तर तारेही दिसलेले नाहीत. मग त्यांना यान दिलं कुणी, आणि कोणत्या अटीवर? या प्रश्नाला उत्तर दिलंत की कथेत आपोआप तिसरा पक्ष येतो. दोनच जाती समोरासमोर असलेली कथा सहसा सपाट होते.

तिसरा पक्ष काय करतो, ते बघायला बडोद्याबाहेर जायला नको. १८०२ मध्ये गायकवाडांनी इंग्रजांशी केलेल्या तहाने इथे तैनाती फौज आली, रेसिडेंट म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी आला. पुढे पेशव्यांशी थकबाकीचा आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा (महसूलवसुलीच्या मक्त्याचा) वाद मिटवायला गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला गेले, तेही इंग्रजांनी जिवाची हमी घेतल्यावर. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला, ते ठाण्याच्या कैदेतून निसटले, आणि १८१७ च्या पुणे तहात पेशव्यांना गायकवाडांवरच्या बहुतेक दाव्यांवर पाणी सोडावं लागलं. वाद दोघांचा, तोही हिशोबाचा. वकिलाचा जीव गेला आणि पदरात पडलं ते हमी देणाऱ्याच्या. एवढा आराखडा घेऊन इजाऱ्याच्या जागी उष्ण झऱ्यांचा पट्टा ठेवा. खून कुणी करवला हे मात्र शेवटपर्यंत निर्विवाद सिद्ध करू नका. बडोदा संस्थानाने निवडक ऐतिहासिक कागद खंडरूपाने छापले आहेत, ते मिळवून वाचा. वकील धन्याला वाईट बातमी किती वळणं घेऊन कळवतो ते त्यांत दिसतं.

आजचे नियम लागतील तिथे राजदूत नि वकिलातींबद्दलचा १९६१ चा व्हिएन्ना करार चाळा. वकिलातीच्या जागेत यजमानाने परवानगीशिवाय शिरायचं नाही, हे कलम २२. वकिलातीतून बाहेर सोडलेलं पाणी तपासायला घेतलं, तर ते शिरणं झालं का? एवढ्यावर एक प्रकरण निघेल. अंतरही मोजा: पृथ्वी ते गुरू संदेश जायला स्थितीप्रमाणे ३५ ते ५२ मिनिटं, उत्तर यायला तेवढीच. राजदूताला दर वाक्याला वरिष्ठांना विचारता येणार नाही, म्हणून त्याचे अधिकार पहिल्याच प्रसंगात सांगून टाका.

नावं देवनागरीत एका दमात वाचता यावीत, एका नावात दोनहून जास्त जोडाक्षरं नकोत. एअरलॉक, पंप, सेन्सर हे शब्द तसेच राहू द्या. त्यांचे संस्कृत अवतार घडवायला बसलात की वाचक पान उलटतो. तापमान, क्षार, दाब, प्राणवायू आणि उजेड यांचा एक पानी तक्ता करून भिंतीवर लावा, पण कथेत त्यातले तीन-चारच आकडे येऊ द्या. दिवाळी अंकासाठी चार हजार शब्द धरून चला आणि पावसाळा सुरू व्हायच्या आत संपादकाला पत्र टाका, कारण तिथल्या जागा लवकर भरतात. मोठी गाथा लिहायची असली तरी तहाचा प्रसंग आधी स्वतंत्र कथा म्हणून लिहा. कलमं पाचांहून जास्त नकोत, आणि त्यातलं एक दोन्ही बाजूंनी वेगवेगळं वाचता येईल असं असू द्या.