स्वस्तातला गेमिंग लॅपटॉप कसा पारखावा

ओळखीतल्या कुणासाठी लॅपटॉप बघायचा झाला की मी आधी विचारतो, ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं रंगवणारा भाग, किती वॅटचं? आरटीएक्स ४०५० हे एकच नाव ३५ पासून ११५ वॅटपर्यंतच्या कार्डाला लावतात, आणि वेगात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आकडा कंपनीच्या माहितीपानावर बारीक अक्षरांत असतो, शोधाच. प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, पण कार्डाच्या वॅटमध्ये तडजोड नको.

परत करायची मुदत संपायच्या आत, चार्जर लावून जड गेम अर्धा तास चालवा. सुरुवातीला दर सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) दिसतात, त्यावर भाळू नका. मशीन तापल्यावर आकडा जिथे स्थिरावतो, तोच खरा. गेममध्ये हालचालीसाठी सतत दाबायच्या डब्ल्यू-ए-एस-डी बटणांवर बोटांना चटका बसतोय का, तेही बघा. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरीचा खर्च किमतीत धरा, जोडीने वेग वाढतो. स्क्रीन ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते याचं माप) असेल, तर रंग फिकेच दिसणार.